पहिलं पाणी शेवटच्या गल्लीला

गावाचं नाव मी सांगणार नाही, मला इथंच राहायचंय. बीदरकडचा भालकी तालुका, एवढं पुरे. माणसाचं नाव मात्र सांगते, कारण ते पाच गावांच्या मोबाईलवर जाऊन बसलंय, आता झाकून काय उपयोग! अमृतप्पा. आमच्या पंचायतीचा वाटरमन, म्हणजे नळाला पाणी सोडणारा माणूस.

अमृतप्पा लांबून ओळखू येतो. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी आणि खांद्यावर लोखंडाची लांब चावी. गल्लीगल्लीच्या कोपऱ्यावर जमिनीत जे व्हॉल्व्ह पुरलेत ते ह्या चावीनं उघडतात. चाल अशी, की धरण यानंच बांधलं आणि पाऊसही हाच पाडतो. शेजारच्या गावी लग्नाला गेला तरी चावी बरोबर. पंगतीत चावीला स्वतःच्या शेजारी जागा. एकदा त्याची बायको गंगम्मा म्हणाली, "चावीलाबी पत्रावळ मांडा की." तिनं टोमणा मारला होता. वाढप्यानं मात्र खरंच पत्रावळ मांडली आणि बुंदीही वाढली, कारण त्याच्या घरी पुढच्या आठवड्यात बारसं होतं.

तर आमच्याकडची रीत अशी. लग्नाची पहिली पत्रिका देवापुढं, दुसरी अमृतप्पापुढं. बारसं असो, वास्तुशांती असो, पान-सुपारी आणि नारळ घेऊन आधी त्याच्या ओट्यावर जायचं आणि म्हणायचं, "अप्पा, आमच्याकडं कार्य हाय." अप्पा डोळे मिटून मान हलवणार, मग त्या दिवशी त्या दारात पाणी. जो गेला नाही, त्याचे पाहुणे कोरड्या तोंडानं उठून गेले. कुणी विचारलंच तर अमृतप्पाकडं उत्तर तयार असायचं: "प्रेशर न्हाई." हा शब्द त्यानं कुठून उचलला देव जाणे, पण चावीनंतर त्याची सगळ्यात लाडकी वस्तू तीच.

आता माझं सांगते. मी रेणुका, पंचायतीत कॉम्प्युटर चालवते. राहते गावाच्या शेवटच्या गल्लीत, चढावर. गावाच्या शेवटी कोण राहतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तेव्हा तेही सोडून देऊ. आमच्या नळाला तोटी होती, तोटीला गंज होता, पाणी तेवढं नव्हतं. 'प्रत्येक घरी नळ' हा रकाना दर महिन्याला मीच भरते. आमच्या घरी नळ आहे, म्हणून 'होय'. पाणी येतं का, असा रकानाच नाही, त्यामुळं खोटं बोलायचा प्रश्न येत नाही.

पाणी आम्ही उद्धवरावांच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणायचो. उद्धवराव दोनदा पंचायतीचे अध्यक्ष झाले. आता नाहीत, पण खुर्चीला अजून ते कळलेलं नाही. विहिरीचं पाणी फुकट होतं. फक्त घागर बुडवायच्या आधी त्यांच्या अंगणात झाडू फिरवायचा, तूर निवडायची असली तर निवडायची, शेण पडलं असलं तर उचलायचं. माझी सासू नागूबाई दोन्ही गुडघ्यांनी गेलेली. ती रोज हे सगळं करून दोन घागरी घेऊन चढ चढायची. मी ऑफिसात एसी नसलेल्या खोलीत बसून रकाने भरायची. ह्याचा मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजून येतो.

अशात महेशकुमार आला. बीदरच्या मैलूरचा पोरगा, इंजिनिअर, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप. आमच्यासकट पाच गावांना धरणावरून येणारी पाइपलाइन एकच. प्रत्येक गावाच्या टाकीवर एक डबा बसणार होता. डबा टाकीत पाणी किती आहे ते बघणार, गल्लीत जोर किती आहे ते बघणार आणि आपल्या मनानंच व्हॉल्व्ह उघडणार, बंद करणार. पाचही डबे एकमेकांशी बोलणार. त्यांच्यात मुकादम असा कुणी नाही. एक बंद पडला तर उरलेले चार सांभाळून घेणार. आणि सगळं तिथल्या तिथं, त्याच क्षणी.

"ह्याला रिअल टाइम म्हणतात, मॅडम," महेशकुमार म्हणाला. "बरोबर उत्तरसुद्धा उशिरा आलं तर चुकीचंच धरायचं."

मी मनात म्हटलं, म्हणजे आमच्या पंचायतीची आजवरची सगळी उत्तरं चुकीची.

आधी त्यानं दुसरीकडं नुसतं घड्याळ लावून बघितलं होतं. वीज जायची, पाइप फुटायचा, आणि डबे कोरड्या पाइपात इमानेइतबारे वेळ पाळत बसायचे. तेव्हा त्याला उमगलं की गणितानं भागत नाही. अनुभवी माणसाच्या डोक्यातलं ज्ञान काढून डब्यात भरलं पाहिजे, 'असं असलं तर असं कर' अशा नियमांच्या रूपानं. आता हे ज्ञान काढायचं कसं? तर माणसाला खुर्चीवर बसवायचं आणि विचारायचं. ह्यावरच तो पीएचडी करत होता.

पाचही गावांच्या वाटरमनना बोलावलं. एकानं सांगितलं, "जसं जमंल तसं सोडतो." दुसऱ्यानं विचारलं, डबा आल्यावर माझी नोकरी राहील का, आणि उत्तर मिळेना तसा उठून गेला. दोघं आलेच नाहीत. उरला अमृतप्पा.

अमृतप्पा आला तो धुतलेला सदरा घालून, चावी तेलानं पुसून. महेशकुमारनं उठून त्याला खुर्ची दिली. पंचायतीत आजवर त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती, कागद घेऊन तो दारातच उभा राहायचा. "अप्पा, तुम्ही एक्स्पर्ट," महेशकुमार म्हणाला. "तुमच्या पद्धतीवर पाच गावं चालणार." मग त्यानं मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि मला म्हणाला, "मॅडम, अप्पा बोलतील तसं टाईप करा." अप्पा अर्धं कन्नड बोलायचा, अर्धं मराठी, आणि अडचणीत आला की दखनी. म्हणून माझी गरज.

"पहिलं पाणी कुठल्या गल्लीला सोडता, अप्पा?"

माझे हात थांबले. पहिलं पाणी चावडीच्या गल्लीला, उद्धवरावांचा जमिनीतला हौद भरेपर्यंत. दुसरं मठाच्या गल्लीला, कारण तिथं अमृतप्पा स्वतः राहतो. मग जे उरेल ते बाकीच्यांना. हे गावातल्या शेरडांनाही ठाऊक होतं. अमृतप्पा खाकरला. समोर शिकलेला माणूस, टेबलावर चालू रेकॉर्डिंग, खाली खुर्ची. अशा वेळी खरं कोण सांगतंय?

"पहिलं पाणी," तो म्हणाला, "शेवटच्या गल्लीला."

"असं का?"

"ती चढावर हाय की सायब. टाकी भरलेली असताना जोर असतंय, तवाच वर चढतंय. मागनं सोडलं तर चढत न्हाई. खालच्यांना काय, कवाबी मिळतंय."

महेशकुमार खूश झाला. मी मात्र अप्पाकडं वळले. म्हणजे ह्याला माहीत होतं! इतकी वर्षं आम्हाला "प्रेशर न्हाई" सांगत होता, आणि प्रेशर कसं मिळतं हे त्याला पाठ होतं. सासूचे गुडघे डोळ्यांपुढं आले. त्याच्याच चावीनं त्याचं टाळकं फोडावं असं मनापासून वाटलं. मग मी शहाण्यासारखं टाईप केलं: टाकी भरलेली असेल तर पहिलं पाणी शेवटच्या गल्लीला.

तोंड एकदा सुटल्यावर अमृतप्पा थांबेना. दोन गल्ल्यांनी एकदमच मागितलं तर? "जी लांब हाय तिला आधी." एखाद्या घरी कार्य असेल तर? "त्याला जास्तीचं. गल्ली कोणतीबी असू दे. आमाला पान-सुपारी कशाला लागतीय, सायब?" हे ऐकून मी खोकल्याचं सोंग आणलं. आणि कुणी नळाला मोटार लावून पाणी ओढलं तर?

"त्या गल्लीचं पाणी तवाच्या तवा बंद. दिवसभर."

"सगळ्या गल्लीचं?"

"सगळ्या गल्लीचं. मग शेजारीच हुडकतेत चोराला. आपल्याला फिरायला लागत न्हाई."

"वा, अप्पा! हे पुस्तकात नाही," महेशकुमार म्हणाला. जोर एकदम घटला की मोटार लागली, हे डब्याला ओळखता येतं, असं त्यानं सांगितलं. मग माझ्याकडं वळला. "मॅडम, तुम्ही गावातल्याच. हे सगळं बरोबर आहे ना?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं.

खरं तर एक साधं काम होतं. महेशकुमारनं एक सकाळ चावीच्या मागं मागं गल्ल्यांतून फिरायचं होतं. त्याला सगळं उलगडलं असतं. पण ज्ञान काढायच्या त्याच्या पद्धतीत विचारणं होतं, बघणं नव्हतं. त्यात पाय मळतात.

बाकीच्या चार गावांतून ज्ञान निघालं नव्हतंच, म्हणून अमृतप्पाचेच नियम पाचही डब्यांत भरले. अमृतप्पानं बसथांब्यावर स्वतःचा फ्लेक्स लावला: चावीसकट फोटो, आणि वर 'पाच गावांचे नॉलेज एक्स्पर्ट'. महिनाभर तो त्या फ्लेक्सखालीच उभा असायचा, बस नसली तरी.

डबे चालू झाले त्या सकाळी आमच्या नळानं आधी खाकरून घेतलं. मग गंजाचं तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. सासू तोटीखाली हात धरून उभी राहिली. मला वाटलं, आनंद झाला असेल. ती घाबरी होऊन मला म्हणाली, "कुणाचं तरी चुकून आलंय गं. बंद व्हायच्या आत भरून घे." आम्ही रांजण भरला, घागरी भरल्या, पातेली भरली, शेवटी वाट्याही भरल्या. दुसऱ्या दिवशीही पाणी आलं. तिसऱ्या दिवशी सासूनं वाट्या रिकाम्या केल्या. त्या आठवड्यात ती उद्धवरावांच्या अंगणात गेली नाही. गल्लीतली कुणीच गेली नाही.

आता उद्धवरावांचं ऐका. हौद अर्धा. अंगणात पाला साचलेला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मेसेज. महेशकुमारनं डब्यांना एक वळण लावलं होतं: जे करायचं त्याचं कारण सांगायचं, आणि ते कारण कुणाच्या ज्ञानावरून, तेही. नाहीतर लोक विश्वास ठेवत नाहीत म्हणे. त्यामुळं चावडीच्या गल्लीत कुणीतरी, अर्धा हौद कुणाचा ते आठवा, मोटार लावली त्या दिवशी पाचही गावांचे मोबाईल एकदम वाजले:

'चावडीच्या गल्लीचं पाणी दिवसभर बंद. कारण: नळाला मोटार लावली आहे. आधार: श्री. अमृतप्पा, वाटरमन, यांचा अनुभव.'

अशा मेसेजांचा पाऊस पडायला लागला. ह्या गावात पाणी कमी, आधार अमृतप्पा. त्या गावात लांबची गल्ली आधी, आधार अमृतप्पा. पलीकडच्या गावातले ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं, ते त्याच्या नावानं बोटं मोडायला लागले. फ्लेक्स एके दिवशी फाटलेला सापडला.

उद्धवरावांनी त्याला घरी बोलावून घेतलं. हे मला गंगम्मानं सांगितलं. "काय शिकविलास रे त्या डब्याला?" ते ओरडले. "उद्या मीटिंग लावायलोय. सायबापुढं सांगायचं, आपल्या गावात असं चालत न्हाई म्हणून. न्हाई सांगितलास तर चावी ठेवून घरी बसायचं."

संध्याकाळी अमृतप्पा माझ्या टेबलापाशी आला. खुर्चीवर बसला नाही.

"रेणुका, ते लिहिलेलं पुसता येतंय का?"

"येतंय की, अप्पा. पण कारण लिहावं लागतंय. आधी सांगितलेलं खोटं होतं, असं. मग ते पाची गावाला मेसेजनं जातंय."

"असं कामून?"

"महेशकुमार सायबाचा नियम हाय. मी काय करू?"

मला त्याची दया आली का? अजिबात नाही. पण धडकी भरली. तो खरं बोलला तर त्याची नुसती अब्रू जाणार होती. आमचं पाणी जाणार होतं. खोटं बोलला तरच राहणार होतं. एका थापाड्या माणसाच्या थापेवर गल्लीचं पाणी टांगलेलं, असा तो प्रकार. घरी जाऊन सासूला सांगितलं. ती म्हणाली, "मग काळजी न्हाई. खरं बोलायची सवय न्हाई त्याला."

सकाळी मीटिंग भरली. उद्धवराव मधल्या खुर्चीत. महेशकुमार लॅपटॉप उघडून, शेजारी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू. बाकीच्या गावांचे वाटरमन एका भिंतीला, आमच्या गल्लीतल्या बाया दुसऱ्या भिंतीला. अमृतप्पा मधोमध, चावीसकट.

"नियम बदलायचे आहेत," उद्धवराव म्हणाले.

"बदलू की," महेशकुमार म्हणाला. "पण एक्स्पर्टनं सांगितलं पाहिजे. अप्पा, आधी सांगितलेलं चुकीचं होतं का?"

अमृतप्पानं उद्धवरावांकडं बघितलं. मग बाकीच्या वाटरमनकडं, जे दात काढून वाट बघत होते. मग त्या चालू मोबाईलकडं. नरम माणूस असता तर नोकरीकडं बघून बोलला असता. चांगला असता तर आमच्याकडं बघून. अमृतप्पा ह्यातला कुठलाच नाही. चार माणसांत आपण खोटे ठरणार, हे त्याला कुणाच्याही पाण्यापेक्षा मोठं वाटलं.

"मालक," तो म्हणाला, "मी हयातभर असंच पाणी सोडलंय. पहिलं पाणी शेवटच्या गल्लीला. खोटं असंल तर ही चावी घेऊन जावा."

आणि त्यानं चावी टेबलावर आपटली. बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सासूनं तर तोंडावर पदर धरला, पण हसू आवरायला. टाळ्या अजून चालू होत्या, तोच खोलीतले सगळे मोबाईल एकदम वाजले.

'मठाच्या गल्लीचं पाणी दिवसभर बंद. कारण: नळाला मोटार लावली आहे. आधार: श्री. अमृतप्पा, वाटरमन, यांचा अनुभव.'

"आपलीच गल्ली!" अमृतप्पा ओरडला. त्याला स्वतःलाच एवढा चेव चढला होता, की तो सगळ्यांच्या पुढं निघाला. "चला, धरू चोराला! आज सोडायचं न्हाई!" मागं महेशकुमार, त्याच्या मागं उद्धवराव, मागं अख्खी मीटिंग. मठाच्या गल्लीतले लोक आधीच घराघरांत शिरून शोधत होते. पाणी सगळ्यांचंच गेलं होतं ना, तापलेले होते. पहिलं घर बघितलं, दुसरं बघितलं. तिसऱ्याच्या दारात अमृतप्पाची पावलं जड झाली, कारण ते त्याचंच होतं आणि त्याला आत्ता कुठं आठवलं.

न्हाणीत पालथ्या घमेल्याखाली, आवाज येऊ नये म्हणून वर ओलं पोतं टाकून, मोटार घुरघुरत होती. शेजारी गंगम्मा भरलेल्या हंड्यांपाशी उभी. मीटिंगमध्ये काय झालं हे तिला माहीत नव्हतं. डबे आल्यापासून जोर होता, मोटार लागत नव्हती; आज धार बारीक आली, तसं जुन्या सवयीनं तिनं बटण दाबलं.

"काय झालं?" ती म्हणाली. "ही तर आपली जुनीच मोटार हाय. तुमीच बसविलात की."

उद्धवरावांच्या मिश्या हळूहळू वर चढल्या. आता अमृतप्पाची सुटका नव्हती. आता तो कोसळणार, रडणार, सगळं कबूल करणार, आणि महेशकुमार तिथंच लॅपटॉप उघडून आमचं पाणी बंद करणार, असं मला दिसत होतं. मी सासूचा हात घट्ट धरला.

अमृतप्पानं टोपी सरळ केली.

"बघितलात का, सायब?" तो महेशकुमारला म्हणाला. "मुद्दाम लावायला सांगितली होती मी हिला. डबा मला तरी धरतंय का न्हाई, बघावं म्हटलं. धरलं! मानलं बघा तुमच्या डब्याला."

एक क्षण मीही त्याच्याकडं बघतच राहिले. थापा मारणं ही कला असेल तर त्या दिवशी ती मी मठाच्या गल्लीत पाहिली. गंगम्मानं कपाळावर हात मारून घेतला. आणि महेशकुमार? त्याचे डोळे पाणावले. "अप्पा, तुम्ही स्वतःच्या घरी टेस्टिंग केलंत!" तो म्हणाला, आणि उभ्या उभ्या लॅपटॉप हातावर घेऊन टिपून ठेवायला लागला.

"टेस्टिंग म्हणं!" उद्धवराव मोठ्यानं हसले. "अरे, अख्ख्या गावाला ठाऊक हाय..."

"व्हय मालक, टेस्टिंगच," मागून आवाज आला. माझी सासू. जी बाई आजवर उद्धवरावांपुढं मान वर करून बोलली नव्हती, ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "आमाला कालच सांगितलं होतं अप्पानं. व्हय की न्हाई गं?"

"व्हय व्हय!" गल्लीतल्या सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या. "टेस्टिंगच! कालच सांगितलं!"

महेशकुमारनं मान वर केली आणि भाबडेपणानं उद्धवरावांना विचारलं, "साहेब, मागं तुमच्या गल्लीतही मोटार लागली होती. तेही टेस्टिंगच होतं का? तसं असेल तर तुमचंही नाव टाकतो."

त्या पोराच्या पीएचडीत काय आहे मला कळत नाही. पण ह्या एका प्रश्नासाठी ती त्याला मिळावी. उद्धवरावांनी इकडं तिकडं बघितलं. नाही म्हणावं तर चोर, होय म्हणावं तर नियम मान्य. "मला काम हाय," एवढं बोलून ते गेले. नियम राहिले.

आता इथंच थांबले असते तर अमृतप्पा तुम्हाला बरा माणूस वाटला असता. म्हणून पुढचं सांगते.

मठाच्या गल्लीचं पाणी त्या दिवशी बंदच राहिलं. टेस्टिंग असो की चोरी, डब्याला भीड कळत नाही. मोटारीनं ओढलेले हंडे शेजाऱ्यांनी रागारागानं वाटून नेले. ऊन मी म्हणत होतं. दुपारी गंगम्मा मागच्या बोळातून दोन कळशा घेऊन आमच्या दारी आली. ह्याआधी ती आमच्या गल्लीत कधी आली नव्हती.

"घरात प्यायला थेंब न्हाई, नागूबाई," ती म्हणाली. "आमचे एक्स्पर्ट टेस्टिंग करायलेत."

सासूनं रांजणातून दोन्ही कळशा भरून दिल्या. गंगम्मा तिथंच ओंजळीनं पाणी प्याली, तोंड पुसलं आणि गेली.

ऊन कलल्यावर अमृतप्पा स्वतः आला. चावी खांद्यावर, मान ताठ. आमच्या व्हॉल्व्हला आता चावी लागत नाही, पण तो काही व्हॉल्व्हसाठी आला नव्हता. आपण ह्या गल्लीला पाणी दिलं, त्याची शाबासकी वसूल करायला आला होता. "बघा," तो म्हणाला, "तुमच्यासाठी मालकाशी वाकडं घेतलं मी." सगळे सारखे, माणसामाणसांत भेद नाही, असं मठातून निघणाऱ्या जयंतीच्या मिरवणुकीत म्हणतो तसलंच आणखीही काही बोलला. चढ चढून आल्यानं त्याला धाप लागली होती.

सासू आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

"घ्या अप्पा. तुमच्याच नियमाचं हाय."

अमृतप्पानं तांब्याकडं बघितलं. डब्याला त्यानं सगळे नियम सांगितले होते, खरे आणि खोटे. हा एक सांगायचा राहिला होता. आमच्या गल्लीत तो पाणी पीत नाही. त्याचा बाप पीत नव्हता, आजा पीत नव्हता. मला वाटलं, तांब्या हिसकून त्याच्या टोपीवर ओतावा.

"नको नको," तो गडबडीनं म्हणाला. "आत्ताच घरनं पिऊन आलोय. गार पाणी, पोटभर."

"व्हय तर," सासू म्हणाली. "दुपारी मीच भरून दिलंय गंगम्माला. ह्याच रांजणातलं."

गल्ली सगळी उंबऱ्यांत येऊन उभी होती. अमृतप्पानं चावी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. थाप शोधत होता, दिसत होतं. टेस्टिंग म्हणावं तर कशाचं? सासू तांब्या पुढं धरूनच उभी होती. तिनं हात मागं घेतला नाही.

शेवटी त्यानं तांब्या घेतला आणि प्याला. मन बदललं म्हणून नव्हे, दुसरं काही सुचेना म्हणून. सगळा तांब्या संपवला, हातानं मिशी पुसली.

"पाणी चांगलं हाय," तो म्हणाला. "प्रेशरबी हाय."